पटावर ६३ लेकरं, संचमान्यतेत ५८: तिसरा शिक्षक राहील का?

डोंगरपट्टा:

नमस्कार मंडळी. आमचं गाव बालाघाटच्या डोंगरात. खाली गाव, वर तांडा, मध्ये जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा. यंदा मला शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष केलंय. माझी पोरगी तिसरीला आणि पोरगा पहिलीला आहे, त्यामुळं शाळेचं जे होईल ते माझ्याच घरात होणार आहे.

शाळेत शिक्षक तीन. गेल्या ३० सप्टेंबरला हजेरीवर ६३ लेकरं होती, यंदाही ६३च आहेत. पण संचमान्यता (पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणारा सरकारी कागद) आली त्यात पट ५८ आणि मंजूर पदं दोन. म्हणजे एक शिक्षक अतिरिक्त. समायोजन, म्हणजे अतिरिक्त शिक्षकाला दुसऱ्या शाळेत पाठवणं, लागलं की सेवाकनिष्ठ म्हणून पहिली-दुसरीच्या मॅडम जातील. त्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून आल्या, लांबच्या जिल्ह्यातल्या आहेत. तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात, पहिलीत आली की कित्येक महिने तोंड उघडत नसत. मॅडमनी तांड्यातल्या बायांना विचारून शब्द लिहून घेतले आणि भिंतीवर तक्ते लावले: वर चित्र, खाली गोरमाटी शब्द, त्याखाली मराठी. आता तीच लेकरं वर्गात हात वर करतात. त्या गेल्या तर हे सगळं कोण करणार, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही.

दुसरं, पैशाचं. एका वर्गखोलीचे पत्रे गळतात, पावसात दोन वर्ग एका खोलीत बसवावे लागतात. मुख्याध्यापक सर म्हणतात, वर्षाला २५ हजार येतात, त्यात वीजबिल, खडू, रजिस्टर, झाडू, सगळंच आलं. मग पत्रे कुठून?

तिसरं, दिवाळी झाली की तांड्यातली अर्धी घरं ऊस तोडायला साखर कारखान्यावर जातात. आणि गावातली ११ लेकरं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात, सकाळी पिवळी व्हॅन येते. गावातले काही म्हणतात, असंही सगळं चाललंय, मोठ्या गावच्या शाळेत विलीन होऊ द्या. मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. माहितगारांनी सांगावं.

खडूफळा:

अध्यक्षसाहेब, मी दुसऱ्या जिल्ह्यात उपशिक्षक आहे. ६३चे ५८ कसे झाले ते जवळपास खात्रीनं सांगतो: पाच लेकरांचं आधार वैध नाही. संचमान्यतेला हजेरीवरचा आकडा धरत नाहीत, आधार वैध झालेली मुलंच धरतात. वैध म्हणजे कार्ड असणं नव्हे. शाळेनं ऑनलाइन भरलेलं नाव, लिंग आणि जन्मतारीख ही तिन्ही आधारमधल्या नोंदीशी जुळली पाहिजेत. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की मूल अवैध.

आमच्या शाळेतलं एक उदाहरण. जनरल रजिस्टरला मुलीचं नाव जन्मदाखल्यावरून लिहिलं, आधार काढताना आजीनं घरात हाक मारायचं नाव सांगितलं. मुलगी रोज पहिल्या रांगेत बसायची, पण पटावर असून नसल्यासारखी.

तुमच्याकडं ऊसतोडीची घरं आहेत म्हणून आणखी एक बघा. काही लेकरांचा जन्म फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतात, झालेला असतो. त्याची नोंद ना तिकडच्या ग्रामपंचायतीत, ना तुमच्या. जन्मदाखला नाही म्हणून आधार नाही किंवा अंदाजे तारखेचं आधार आहे. वर्ष उलटून गेल्यावर जन्माची नोंद करायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्यासाठी तहसीलला खेपा पडतात. पण दाखला नाही म्हणून शाळेत प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ मध्येच तसं म्हटलंय. म्हणजे कायदा मुलाला वर्गात बसवतो आणि संचमान्यता त्याला मोजत नाही. शिक्षक मधल्या मध्ये.

मुख्याध्यापकांकडून अवैध मुलांची यादी मागा. नावं कळली की अर्धं काम झालं.

माजी केंद्रप्रमुख:

मी निवृत्त केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांचं केंद्र बघणारी. आधी उपशिक्षिका, मग पदवीधर शिक्षिका, शेवटी केंद्राचं काम. सगळी नोकरी अशाच डोंगराळ केंद्रांत झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. खडूफळा सरांनी आधारचं बरोबर सांगितलंय, मी पुढचं सांगते.

दादा, सर्वांत आधी संचमान्यतेचा कागद स्वतः वाचा. कुणी वाचून दाखवला त्यावर जाऊ नका. त्यात मंजूर, कार्यरत आणि रिक्त असे रकाने असतात. गावात सगळे एकच वाक्य म्हणतात, ‘आमच्या शाळेला शिक्षक नाही’. पण पद मंजूर असून माणूस नाही, ही एक गोष्ट. पदच मंजूर नाही, ही अगदी वेगळी. पहिल्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूनं आहे, कलम २६ प्रमाणे शाळेतल्या मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त पदं रिक्त ठेवता येत नाहीत. तुमची अडचण दुसरी आहे. तुमचं पदच जातंय. त्यामुळं ‘शिक्षक द्या’ असा अर्ज केलात तर कार्यालय सरळ उत्तर देईल, दोन मंजूर, दोन कार्यरत, रिक्त शून्य. आणि ते उत्तर कागदोपत्री खरं असेल. तुम्हाला भांडायचंय ते पटाच्या आकड्याशी.

आकड्याचं गणित असं. शिक्षण हक्क कायदा २००९ ला झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० पर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. तुम्ही ६१च्या उंबरठ्यावर उभे आहात. राज्याचे संचमान्यतेचे निकष २८ ऑगस्ट २०१५ च्या शासन निर्णयात आले, १५ मार्च २०२४ च्या निर्णयानं ते पुन्हा बदलले आणि लहान शाळांना जास्त जाचक झाले. सहावी ते आठवीच्या गटात पट २० च्या खाली गेला तर पदच नाही, असं त्यात आल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यभरातले शिक्षक सामूहिक रजेवर गेले होते, आठवत असेल. तुमची शाळा पाचवीपर्यंतच, म्हणून ते तुम्हाला थेट लागत नाही. पण एक गोष्ट लागते: असलेलं पद टिकवायला जेवढा पट लागतो त्यापेक्षा गेलेलं पद परत मिळवायला जास्त लागतो. म्हणून आत्ता घाई करायची. पद एकदा गेलं की दोन-चार लेकरं वाढवून ते परत येत नाही.

म्हणून दोन कामं एकदम. एक, समितीची बैठक घ्या, ठराव करा, हजेरीपटाची साक्षांकित प्रत आणि अवैध मुलांची कारणासह यादी जोडून संचमान्यता दुरुस्तीचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शिक्षणाधिकारी प्राथमिक यांच्याकडं पाठवा. पोच घ्या, आवक क्रमांकासकट. दुसरं, येत्या ३० सप्टेंबरच्या आत ती पाच आधारं सरळ करा. पाच वर्षांचं झाल्यावर मुलाचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद आधारला नव्यानं द्यावी लागते. लहानपणी काढलेलं निळं कार्ड तसंच ठेवलेलं असतं, घरच्यांना माहीतच नसतं. शिक्षकांना हे काम एकट्यावर टाकू नका. त्यांनी वर्ग सोडून आधार केंद्राच्या रांगेत उभं राहायचं, तर ज्या मुलांसाठी पद वाचवताय त्यांचाच तास बुडतो. समितीतल्या पालकांनी मोटारसायकलवर लेकराला आणि आईला घेऊन जावं.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते सांगते, कारण मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. पाच आधारं जुळली तर यंदा ६३ होतील. पण पुढच्या जूनचं काय? पाचवीत किती आहेत ते बघा, ती जाणार. पहिलीत किती येणार, ते शाळेत कळत नाही, अंगणवाडीत कळतं. अंगणवाडी ताईंच्या रजिस्टरमध्ये शून्य ते सहा वयाचं गावातलं एकेक मूल नोंदलेलं असतं. त्या वहीची पानं उलटली की तुमच्या शाळेची पुढची पाच वर्षं समोर दिसतात. मी केंद्रात प्रत्येक मुख्याध्यापकाला जानेवारीतच ती वही बघायला लावत असे. काहींना ते जास्तीचं काम वाटायचं. पण पट कमी का झाला याची चौकशी सप्टेंबरमध्ये करून काय उपयोग?

आणि मुलं मुळातच कमी जन्मतायत, हेही मान्य करायला पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला. ‘सगळी पोरं इंग्रजी शाळेनं नेली’ असं गावात म्हणतात. काही नेली, खरंय. पण बरीच मुलं जन्मलीच नाहीत, आणि काही घरं कायमची पुण्याला गेली. कारण कोणतं किती हे नीट मांडल्याशिवाय उपाय सापडत नाही. समितीनं एकदा घरोघर फिरून यादी करावी: सहा ते अकरा वयाची किती, आपल्या शाळेत किती, व्हॅनमध्ये किती, कुठंच नाहीत अशी किती. शेवटच्या रकान्यात एक जरी नाव आलं तरी त्या घरी त्याच दिवशी जायचं.

पैशाचं आता. शिक्षकांचा पगार राज्य सरकारचा, शालार्थ प्रणालीतून होतो, त्याचा तुमच्या खात्याशी संबंध नाही. २५ हजार येतात ते समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान, त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. तेही पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, त्यापुढं १०० पर्यंत २५ हजार, मग २५० पर्यंत ५० हजार. किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे, म्हणजे तुमचे अडीच हजार तिकडं गेले. २८ लेकरांच्या शाळेलाही फळा एकच लागतो आणि पंखाही तेवढाच फिरतो, पण तिला १० हजारांत वर्ष काढावं लागतं. हे मला कधीच न्याय्य वाटलं नाही, मी केंद्राच्या अहवालात दरवर्षी तसं लिहीत आले.

हे पैसे पूर्वी समितीच्या खात्यावर येऊन पडायचे. आता शून्य शिल्लक खातं, खर्चाची मर्यादा येते. वर्षअखेरीपर्यंत वापरली नाही तर ती परत जाते, आणि पुष्कळदा येतेच उशिरा. सही अध्यक्ष आणि सचिव म्हणजे मुख्याध्यापक, दोघांची. म्हणून काय घ्यायचं ते आधीच ठरवून, दरपत्रकं घेऊन, ठराव लिहून ठेवा. फेब्रुवारीत मर्यादा आली आणि तुम्ही तेव्हा विचार करायला बसलात तर गडबडीत नको ते घेतलं जातं.

पत्र्यांसाठी हे अनुदान पुरणार नाही, त्याच्या नादाला लागू नका. इमारत जिल्हा परिषदेची आहे. दुरुस्ती आणि नवीन खोली मुख्यतः जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होते, थोडंफार जिल्हा परिषदेच्या सेसमधून, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून. खोली नुसती गळते की धोकादायक आहे, हे आधी बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याकडून लेखी घ्या. धोकादायक निघाली तर निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून काढून पाडायचा, प्रस्ताव करावा लागतो, ती पाडल्याशिवाय त्या जागी नवीन खोली मिळायची नाही. गळकी असेल तर दुरुस्तीच्या यादीत नाव घालायचं. आणि पाणी, मुताऱ्या, हात धुवायची जागा ही कामं ग्रामपंचायतीकडून करून घ्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेली होती, तरी कितीतरी शाळांत मुलींची मुतारी मोडकी राहिली, कारण ग्रामसभेत शाळेकडून कुणी मागितलंच नाही. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा होतो तेव्हा तुम्ही तिथं हजर पाहिजे.

कलम २२ प्रमाणे समितीनं शाळा विकास आराखडा करायचा असतो, तीन वर्षांचा. बहुतेक ठिकाणी शेजारच्या शाळेचा आराखडा आणून नाव बदलतात. तुम्ही खरा करा. अनुदानं त्याच्या आधारे द्यायची असं कायदाच म्हणतो. तोच कागद जिल्हा परिषद सदस्याकडं न्या, आमदाराकडं न्या, कारखान्याकडंही न्या.

जमाखर्च:

मॅडम, तुमचा अनुभव मोठा आहे, आदरानंच विचारतो. मी हिशेबाचं काम करतो. २०२३ मध्ये समूह शाळांचा, म्हणजे लहान शाळा एका मोठ्या शाळेत एकत्र करण्याचा, विषय निघाला तेव्हा सरकारनं आकडे दिले होते: २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. म्हणजे एका शिक्षकामागं सरासरी सहा मुलं. दुसरीकडं शहराजवळच्या शाळांत एकेका वर्गात ५० बसतात. पानशेतला आणि तोरणमाळला समूह शाळा झाल्या, तिथं प्रयोगशाळा, मैदान, संगणक मिळाले. पाच-सहा मुलांच्या वर्गात स्पर्धा नाही, खेळायला संघ होत नाही. मुलांच्या बाजूनं बघितलं तर मोठी शाळा बरी नाही का?

माजी केंद्रप्रमुख:

तुमचे आकडे बरोबर आहेत आणि प्रश्नही बरोबर आहे. चार मुलांच्या शाळेत मी वर्ग पाहिलेत, तिथं मुलं एकटी पडतात. जिथं रस्ता आहे, वाहन आहे, अंतर थोडं आहे, तिथं पालकांना विचारून एकत्र करायला माझा विरोध नाही.

पण सरासरीत वाडी दिसत नाही. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. तो एक किलोमीटर सहा वर्षांच्या लेकरासाठी धरलाय. डोंगरात मध्ये ओढा असतो, पावसाळ्यात चार दिवस उतार मिळत नाही. वाहतूक भत्ता कागदावर आहे, पण तो पालकांच्या हातात पडेपर्यंत सत्र संपतं, आणि तोवर रोज सोडायला कोण जाणार? आई-बाप मजुरीला. मुलगा मित्रांबरोबर जातो. मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहते. शाळा लांब गेली की आधी गळतात त्या मुली, हे मी हजेरीपटावर पाहिलंय.

आणि सहा मुलांमागं एक शिक्षक हेही फसवं आहे. अशा शाळेतल्या दोन शिक्षकांपुढं पाच इयत्ता असतात. मी एकदा न सांगता एका दोनशिक्षकी शाळेत गेले. एक सर तालुक्याला बैठकीला गेलेले. दुसऱ्या बाई व्हरांड्यात पाचही वर्ग घेऊन बसल्या होत्या. पहिलीची मुलं चिंचोके मांडून मोजत होती, दुसरीतला एक जण त्यांना तपासत होता. तिसरी-चौथीला एकच चित्र दिलेलं, तिसरीनं त्यावर पाच वाक्यं लिहायची, चौथीनं गोष्ट. पाचवीच्या दोन मुली फळ्यावर भागाकार करत होत्या आणि बाई पाठमोऱ्या बसूनसुद्धा म्हणाल्या, ‘शून्य द्यायचा राहिला बघ.’ एवढी तयारी असेल तर बहुवर्ग अध्यापन होतं. पण मध्ये पोषण आहाराचं तांदूळ-डाळीचं माप, मोबाइलवर आलेली तातडीची माहिती, मतदार यादीचं काम असं काही आलं की तो सगळा डोलारा कोसळतो. म्हणून ५८ आणि ६१ मधला फरक नुसता एका पगाराचा नाही. तिसरा शिक्षक असला की पहिली-दुसरीला पूर्ण वेळ एक माणूस मिळतो, आणि वाचायला शिकायचं वय तेच आहे.

कोयत्याची लेक:

मी ऊसतोड कामगाराची मुलगी, आता आरोग्यसेविका आहे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर लिहिते. माझ्या लहानपणी टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायचा आणि दसरा-दिवाळीनंतर आमची टोळी निघायची. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहायचं, आई-बाप पहाटेच फडात, मी धाकट्याला घेऊन कोपीत. एका वर्षी आजीनं मला अडवून धरलं. ती गावातच राहायची आणि त्या वर्षी शाळेनं हंगामी वसतिगृह चालवलं. वसतिगृह म्हणजे इमारत वगैरे नाही, सकाळ-संध्याकाळ जेवण शाळेत आणि झोपायला आजीकडं. त्या जेवणामुळंच आजीला मला ठेवून घेणं परवडलं. नाहीतर तिचं एकटीचंच कसंबसं भागायचं.

हे वसतिगृह समितीच चालवते, दादा. प्रस्ताव टोळ्या निघण्याआधी गेला पाहिजे. घरं निघून गेल्यावर यादी केली तर मुलंच नसतात. जी मुलं सोबत जाणारच, त्यांना शिक्षण हमी कार्ड द्यायला लावा, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत ती बसू शकतात. दाखल्यासाठी तिकडं कुणी अडवलं तर अडवता येत नाही हे त्यांच्या आई-बापांना सांगून ठेवा. आणि आईशी बोला, मुकादमाशी किंवा बापाशीच बोलून येऊ नका. मुलगी मागं ठेवायची भीती आईला असते. रात्री कुठं झोपणार, कोण बघणार, हे तिला नीट सांगितलं की ती तयार होते.

डोंगरपट्टा:

सगळ्यांचे आभार. मॅडम, तुम्ही सांगितलं तसं केलं. पाच अवैध नावांची यादी मिळाली. तिघांच्या जन्मतारखेत फरक, एकाच्या नावात, आणि एका पोरीची जन्मनोंदच नाही, ती खरंच फडावर जन्मली होती. तिच्या आईला घेऊन तहसीलला जाणार आहे.

अंगणवाडीची वहीही बघितली. पाचवीत १४ आहेत, ती जूनमध्ये जातील. पुढच्या जूनला सहा पूर्ण करणारी गावात-तांड्यात मिळून १२ आहेत, पण त्यांतली ३ आत्ताच व्हॅनच्या बालवाडीत जातात. म्हणजे ९ आली तर पुन्हा ५८. यंदा आधार सगळी जुळवली तरी वर्षानं तिथंच. हे बघून जीव खाली-वर झाला. त्या तिघांच्या घरी जावं म्हणतो. पण काय बोलू? फी भरायची ऐपत आहे त्यांची, आणि इंग्रजी पाहिजे म्हणतात.

माजी केंद्रप्रमुख:

वही बघितलीत, फार बरं केलंत.

त्या घरी जाताना ‘शाळा वाचवायची आहे, मुलगा द्या’ असं म्हणू नका. कुणीही आई-बाप शाळा वाचवायला मूल घालत नाहीत, आणि घालूही नये. त्यांना वर्गात बोलवा. तिसरीतली, म्हणजे तुमच्याच मुलीच्या वर्गातली दोन मुलं त्यांच्यासमोर न पाहिलेलं पान वाचतील, असं करा. शक्य असेल तर त्याच वयाचं व्हॅनमधलं मूलही असू द्या, पण तुलना तोंडानं करू नका, त्या मुलाचा अपमान व्हायला नको. इंग्रजीची मागणी खरी आहे, ती झटकून टाकू नका. समितीच्या ठरावानं गणिताला सेमी इंग्रजी घेता येतं, मात्र शिकवणाऱ्यांची तयारी आहे का ते आधी त्यांना बसवून विचारा. त्यांना जमणार नसेल तर पाटी बदलून उपयोग नाही. त्यापेक्षा रोज अर्धा तास इंग्रजी बोलण्याचा तास ठेवा आणि तो खरोखर घ्या.

पहिली-दुसरीच्या मॅडमना मात्र भेटीला जरूर न्या. त्या मुलांच्या आयांशी त्यांनीच बोलावं.

त्या तिघांपैकी दोन आली तर ६०, तिन्ही आली तर ६१. मग कायमची बाहेरगावी गेलेली घरं बघा, त्यांच्यातलं कुणी परत यायचं म्हणतंय का ते विचारा. व्हॅनमधल्या बाकीच्या आठांकडं यंदा लक्ष देऊ नका, पहिलीत येणाऱ्यांवरच जोर ठेवा. चालू इयत्तेतलं मूल मध्येच काढून आणलं तर त्याचे हाल होतात.

दुरुस्तीच्या प्रस्तावात एक वाक्य आठवणीनं घाला: अवैध असलेली पाचही मुलं गेल्या ३० सप्टेंबरला प्रत्यक्ष हजर होती. त्याला पुरावा म्हणून त्या आठवड्याची पोषण आहाराची नोंदवही जोडा. हजेरीपट शाळेचाच असतो, त्यावर शंका घेता येते. आहाराच्या नोंदीशी तांदळाचा हिशेब जुळलेला असतो. माझ्या केंद्रातल्या एका शाळेच्या प्रस्तावाला ही वही जोडली होती, तेव्हा कार्यालयानं तिची पानं उलटून पाहिली होती. ठरावाचा मसुदा इथं टाका, मी वाचून देते. टोळ्या निघायच्या आत वसतिगृहाचा ठरावही त्याच बैठकीत घ्या, दुसऱ्या बैठकीची वाट बघू नका.

डोंगरपट्टा:

मसुदा उद्या टाकतो, मॅडम. बैठक शनिवारी सकाळी ठेवलीय, शाळा सुटल्यावर, म्हणजे तांड्यातल्या बायांना येता येईल. कोयत्याची लेक ताई, तुम्ही फोनवरून त्यांच्याशी बोलाल का? रात्री कोण बघणार हा प्रश्न पहिलाच निघणार आहे.

कोयत्याची लेक:

बोलते दादा. शनिवारी सकाळी माझं लसीकरण सत्र असतं, ते उरकलं की लगेच लावते. आज्यांनाही बोलवा बैठकीला. लेकरं त्यांच्याकडंच राहणार आहेत.